भोंग्याजवळची जागा

जयंतीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला गेल्यावर माणूस सगळ्यात आधी काय पाहतो? पंधराव्या वर्षी आम्ही स्टेज पाहत होतो. तिशीत ओळखीचे चेहरे शोधत होतो. आता साठी ओलांडल्यावर आमची नजर आधी पाठ असलेल्या खुर्चीकडे जाते आणि मग मुतारी किती लांब आहे तिकडे. आमच्या वयाचे वाचक हे वाचून हसतील. तरुण वाचकांनी हसू नये, त्यांचीही पाळी येणार आहे.

आम्ही म्हणजे वरळीच्या बी.डी.डी. चाळीतले पाच मित्र. एका मजल्यावर वीस खोल्या, एका खोलीत आठ-दहा माणसे, त्यामुळे आमचे बालपण खोलीत कमी आणि गॅलरीत-मैदानात जास्त गेले. पुढे एक पोस्टात लागला, एक बेस्टमध्ये कंडक्टर झाला, एक गोदीत गेला, एक पालिकेच्या सफाई खात्यात. पाचवा छापखान्यात जुळारी होता, तोच हे लिहितो आहे, पण पाचांच्या वतीने. गोदीवाला २०२१ च्या कोरोनात गेला. त्याचे मत आम्हाला पाठ आहे, म्हणून त्यालाही धरून आम्ही पाचच म्हणतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही पंधरा-सोळा वर्षांचे होतो. त्या वेळी कार्यक्रम रात्री दहाला सुरू होई, पण खरा रंग बारानंतर चढे. कारण सरळ होते. गिरणीची दुसरी पाळी मध्यरात्री सुटे आणि कामगार डबा हातात घेऊन तसेच मैदानात येत. गायकांनाही हे ठाऊक असे. आधी कव्वालीचा मुकाबला, एका पार्टीचा सवाल, दुसऱ्या पार्टीचा जवाब, चिमटे, हशा. आणि मैदान भरले की मग बाबासाहेबांची गाणी. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे टाळ्या देणारा कोरस. मध्येच गाणे थांबवून "अमुक चाळीतील अमुक यांच्याकडून पाच रुपये बक्षीस" असे माईकवर सांगितले जाई. ते पाच रुपये देणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कालवणाला पैसे असत की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नसे.

१९७८ नंतर नामांतराची गाणी आली. मराठवाड्यात वस्त्या जळत होत्या आणि त्याची बातमी आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी गाण्यातून कळत होती. आमच्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे आमच्या कानावर शाळेतल्या कवींच्या आधी पडली. वामनदादांनी गावोगाव हिंडून हजारो गाणी लिहिली आणि गायली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार या मंडळींनी नेऊन पोचवला. म्हणून आमच्याकडे गाण्यातला शब्द महत्त्वाचा. तो कळला नाही तर कार्यक्रमाला जाऊन उपयोग काय? हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचेच दुखणे आहे.

आम्हा पाचांची जागा ठरलेली होती. स्टेजच्या डाव्या बाजूला बांबूवर दोन भोंगे बांधलेले असत आणि खाली लाकडी खोक्याचा मोठा स्पीकर. त्या खोक्याला पाठ लावून आम्ही बसायचो. ढोलकीची थाप पडली की ती पाठीतून छातीत यायची. कार्यक्रम पहाटे चार-साडेचारला संपे. मग दिवसभर कानात बारीक शिट्टी वाजत राही. ज्याच्या कानात शिट्टी नाही तो झोपायला गेला होता असे आम्ही समजत असू.

त्या खोक्याजवळ मोठ्या माणसांपैकी एकच जण बसत असत, ते म्हणजे हे लिहिणाऱ्याचे वडील. ते साचेखात्यात होते. आजच्या मुलांना हे सांगावे लागते की, एके काळी आपल्या माणसांना गिरणीच्या साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. त्या खात्यात पगार जास्त, आणि ते खाते आपल्याला बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. पुढे काही वर्षांनी ती दारे उघडली आणि आमच्या वडिलांच्या पिढीला साचे मिळाले. साच्यांबरोबर साच्यांचा आवाजही मिळाला. शेकडो साचे एका छपराखाली आठ तास धडधडत असत. तिथले कामगार एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत. चाळिशीतच वडिलांना खोलीत हाक मारली तर ऐकू येत नसे, आई पायाने जमीन ठोकून बोलावी.

ते खोक्याजवळ बसत कारण दुसरीकडे त्यांच्यापर्यंत काही पोचतच नसे. एक तळहात लाकडावर ठेवत आणि गायकाच्या ओठांकडे बघत. सगळी गाणी त्यांना पाठ होती, त्यामुळे कडवे कुठे वळते ते त्यांना कळत असावे. आम्ही पोरे तिथे मर्दुमकी म्हणून बसलो होतो, ते गरज म्हणून. हा फरक कळायला आम्हाला पन्नास वर्षे लागली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चाळीतली दुसरी पाळी संपली ती कायमची. त्यानंतरची आमची वीस-पंचवीस वर्षे कार्यक्रमाच्या दृष्टीने सांगण्यासारखी नाहीत. लग्ने झाली, मुले झाली. पोस्टवाल्याला पहाटे सॉर्टिंगला जायचे, कंडक्टरला पहिली गाडी काढायची, म्हणून रात्री दीडला उठावे लागे. पुढे आम्ही मंडळाच्या कमिटीत आलो. कमिटीतल्या माणसाला गाणे ऐकायला मिळते हा गैरसमज आहे. वर्गणी, पावत्या, पोलीस परवानगी, पाहुण्यांचा नाश्ता, ऐनवेळी उडालेला फ्यूज. पंधरा वर्षांत आम्ही एकही गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले नसेल.

आमच्या घरातल्या बायकांचे मात्र नेमके उलटे झाले, आणि ते लिहिले पाहिजे. आम्ही पुरुष वयाबरोबर मागे-मागे सरकत गेलो. त्या पुढे आल्या. मुलगी असताना त्यांना मैदानात यायची परवानगी नव्हती, गॅलरीतून बघायचे, तेही अकरापर्यंत. लग्न झाल्यावर सासूच्या नजरेखाली. मग लेकरू मांडीवर, ते रडले की उठायचे. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा सांगितले की, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्यांनी चाळीत अनेकदा ऐकला, पण चेहरा एकदाही पाहिला नाही. स्टोव्ह पेटलेला होता. आम्हाला याची लाज वाटली, पण उशिरा. आता त्याच बायका पांढऱ्या साड्या नेसून दुपारी चारलाच पुढच्या तीन रांगा धरून बसतात. पाय दुखतात, गुडघ्याला पट्टा असतो, पण जागा सोडत नाहीत. वय झाल्यावर मन निवते, आवड कमी होते असे जे म्हणतात ते पुरुषांनी स्वतःवरून ठरवलेले आहे.

२००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. चाळीस दिवसांच्या आत दोन्ही आवाज गेले. २६ नोव्हेंबर २०१० ला विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर स्टेजवरच कोसळले आणि गेले, वय एकोणऐंशी. गाणारा स्टेजवर म्हातारा होतो आणि ऐकणारा सतरंजीवर, पण गाणाऱ्याचे म्हातारपण सगळ्यांना दिसते. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांना आम्ही काळ्या केसांत पाहिले आहे. आता आनंद शिंदे यांचे चिरंजीव आदर्श यांच्या गाण्यावर आमची नातवंडे नाचतात. एका घराण्याच्या तीन पिढ्या आम्ही एकाच मैदानात बसून ऐकल्या, यात आमची कर्तबगारी काही नाही, फक्त टिकून राहिलो एवढेच.

मधल्या काळात रात्रीचा कार्यक्रमही राहिला नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाऊडस्पीकर बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. वर्षातल्या फार तर पंधरा दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ज्या दहाला आमचा कार्यक्रम सुरू होत असे त्या दहाला तो आता आटोपायच्या बेतात असतो. तरुणपणी आम्ही यावर संतापलो असतो. आता खरे सांगायचे तर बरे वाटते. कायद्याने आमच्या झोपेची सोय पाहिली.

आता दुखणे. दोन-तीन वर्षांपूर्वी आमची नात पहिल्यांदा स्टेजवर गायली, वय वर्षे नऊ. वामनदादांचे गाणे होते. आम्ही सातव्या रांगेत. ढोलकी ऐकू आली, कीबोर्ड ऐकू आला, नातीचा आवाजही आला, पण शब्द आले नाहीत. घासलेल्या ब्लॉकवरून छापल्यासारखे, आकार दिसतो, अक्षर लागत नाही. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. खाली उतरून ती पळत आली आणि म्हणाली, "आजोबा, कुठलं कडवं आवडलं?" आम्ही म्हणालो, "सगळीच." ती म्हणाली, "शेवटचं मी विसरले होते, तिथे नुसतं ला ला केलं. तुम्हाला कळलं नाही?"

पालिकेच्या दवाखान्यात कानाचा आलेख काढला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवून समजावले. वयाने आणि आवाजाने कान जातो तो वरच्या पट्टीपासून जातो. स, श, त, क, फ अशी बारीक, फुसफुसणारी व्यंजने त्या पट्टीत असतात, ती आधी हरवतात. स्वर आणि ठेका खालच्या पट्टीत, ते टिकतात. म्हणून म्हाताऱ्याला गाणे ऐकू येते आणि त्यातले म्हणणे ऐकू येत नाही. कानाच्या आतल्या गोगलगाईसारख्या भागात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मोठ्या आवाजाने मोडतात आणि पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात वाजणारी ती शिट्टी, जिचा आम्हाला अभिमान होता, ती त्या पेशींची तक्रार होती. एक-दोन दिवसांत ती थांबते म्हणून आपण समजतो की बरे झाले. वारंवार तसे झाले की काही पेशी कायमच्या जातात.

त्यांनी एक हिशेब सांगितला, तो घरोघर उपयोगी पडेल. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात आठ तासांपर्यंत फारसा धोका नाही. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्याण्णवला दोन तास, शंभरला फक्त पंधरा मिनिटे. मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी शंभर म्हणजे काहीच नाही. पण त्यात एक सोयही आहे. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की साधारण सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरवरून आठ मीटरवर जाऊन बसले तर बारा डेसिबल वाचले. याला पैसे पडत नाहीत. अलीकडे मिरवणुकीत ट्रकवर डीजेच्या भिंती लावतात आणि त्यांच्यासमोर लहान लेकरे खांद्यावर घेऊन बाप नाचतात. त्यांच्या उत्साहावर आमची टीका नाही, आम्हीही तसेच होतो. पण लेकराला उतरता येत नाही आणि बोलताही येत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

पोस्टवाल्याची मुलगी एका संगणक कंपनीत आहे. तिने जानेवारी २०२५ मध्ये आम्हा दोघांना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेले. कोल्डप्ले नावाच्या इंग्लंडच्या रॉक बँडचे १८, १९ आणि २१ जानेवारीला तिथे कार्यक्रम झाले. तिची मैत्रीण ऐनवेळी आली नाही, दोन तिकिटे उरली. एकेक तिकीट अडीच हजारांचे. आम्ही म्हटले, या पैशात आम्ही एके काळी दोन कार्यक्रम उभे केले असते. ती म्हणाली, "काका, आता गुपचूप चला."

कुर्ल्याला गाडी बदलून नेरूळला उतरलो. गर्दीत आम्ही दोघेच म्हातारे असू ही भीती होती, ती खोटी ठरली. पांढऱ्या केसांची माणसे पुष्कळ होती आणि ती कॉलेजात असल्यापासूनचे चाहते होती. आत जाताना प्रत्येकाच्या मनगटात एक पट्टा घातला. अंधार झाल्यावर ते सगळे पट्टे एकदम लाल, एकदम पिवळे, असे गाण्याबरोबर पेटत होते. हजारो हात. जाताना ते परत घेतात. आमच्या पोस्टवाल्याला हे फार पटले. तो म्हणाला, आपल्या सतरंज्याही लोक अशाच परत देत असते तर मंडळ कर्जात गेले नसते.

इंग्रजी शब्द आम्हाला एरवीही कळले नसते. आणि गंमत अशी की, त्यामुळेच आम्ही त्या रात्री मोकळे झालो. शब्द कळत नाही याचे दुःख नाही, ठेका मात्र पुरेपूर. मुलीने आधीच आमच्या कानात फोमची बोंडे घालून दिली होती, स्वतःही घातली होती. कोणी हसत नव्हते. आम्ही तिला सांगितले की, आमच्या वेळी कानात कापूस घालून बसणाऱ्याला बायल्या म्हटले असते. ती म्हणाली, "म्हणूनच आता तुम्हाला तीनदा सांगावं लागतं."

परत येताना गाडीत तिने रॉकवाल्यांच्या हकिकती सांगितल्या. १९७६ मध्ये लंडनच्या एका फुटबॉल मैदानावर द हू या बँडचा कार्यक्रम १२६ डेसिबलला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात सर्वांत मोठा आवाज म्हणून नोंदला गेला. पुढे लोकांचे कान जातील म्हणून त्या पुस्तकाने हा विक्रम नोंदणेच सोडले. त्याच बँडचे गिटारवाले पीट टाऊनशेंड कान गेल्याचे उघडपणे सांगत आले आहेत. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये कानामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला. मिक जॅगर तर २०२४ मध्ये ऐंशी वर्षांचे असताना अमेरिकेत दौऱ्यावर होते, आणि त्या दौऱ्याची प्रायोजक होती पन्नाशीपुढच्या लोकांची तिथली मोठी संघटना. आम्ही म्हटले, म्हणजे आमच्यासारखेच. फक्त खुर्च्या चांगल्या.

तिने आम्हाला आणखी एक दाखवले, ते रॉक असूनही आम्हाला घरचे वाटले. चेन्नईचा द कास्टलेस कलेक्टिव्ह नावाचा बँड. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा स्टेजवर आला. तिथल्या वस्त्यांतले गाना नावाचे लोकसंगीत, जे मयताच्या घरीही गातात, ते आणि रॉक, रॅप यांची त्यांनी मोट बांधली. बँडचे नाव घेतले आहे ते पंडित अयोथी दास यांच्या शब्दावरून, "जात नसलेले तमिळ". अयोथी दास यांनी १८९८ मध्ये, म्हणजे आपल्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, बौद्ध धम्म स्वीकारला होता. कानाला यंत्रे नव्हती, तमिळ येत नव्हते, मोबाईलचा स्पीकर किडूकमिडूक, तरी आम्ही ते गाणे दोनदा ऐकले. शेजारचा प्रवासी जागा बदलून गेला.

त्यानंतर कानाचे यंत्र घेतले. घेण्याआधी वर्षभर आम्ही सबबी सांगितल्या. चष्म्याची लाज वाटत नाही, यंत्राची वाटते. वडिलांना तर ते परवडलेच नसते आणि आम्हाला कोणी बहिऱ्याचा पोरगा म्हटले होते ते विसरलो नव्हतो. यंत्र बोलण्यासाठी बनवलेले असते, गाण्यात ते कधी कधी किरकिरते. मग दवाखान्यात जाऊन गाण्यासाठी वेगळी जोडणी करून घ्यावी लागली. सगळे शब्द अजूनही येत नाहीत. निम्म्याहून जास्त येतात. नातीने वहीत गाणी लिहून दिली आहेत, कार्यक्रमाच्या आधी आम्ही ती वाचून जातो. वडील हेच करत होते, फक्त त्यांची वही डोक्यात होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमच्यातला कंडक्टर तिकडे गेला, बाकीचे अजून वाट पाहतो आहोत. पाचशे फुटांचे घर, स्वतःचा संडास, लिफ्ट. यासाठी आम्ही आयुष्य काढले, म्हणून तक्रार नाही. पण तो सांगतो की वरच्या मजल्यावरून खालचे गाणे ऐकू येत नाही. खिडकी उघडली तरी नाही. गॅलरीतून ऐकणाऱ्या बायकांना आता खालीच यावे लागेल, हे एका अर्थी चांगले.

मागच्या कार्यक्रमाला आम्ही चौघे पाचव्या रांगेत, मधोमध बसलो. एक खुर्ची गोदीवाल्याची म्हणून मोकळी ठेवली होती, तिच्यावर नंतर सगळ्यांच्या पिशव्या आल्या. नात गाणार होती. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा डावीकडच्या स्पीकरला पाठ लावून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा बसलेला दिसला. कंडक्टर उठून गेला, त्याला हाताला धरून आणले आणि आमच्या पुढच्या खुर्चीत बसवले. हिशेबही सांगितला, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, सगळा. पोराने मान डोलावली. दुसरे गाणे लागले आणि ढोलकीची थाप पडली, तेव्हा ती खुर्ची रिकामी होती आणि पोरगा पुन्हा तिथेच, खोक्याला पाठ लावून.

कंडक्टर पुन्हा उठला.